भोकाचा पैसा आणि तिरपा उजेड

आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा, शिंपल्याचं बटण, जुन्या काडेपेटीवरचं चित्र, परदेशातून आलेल्या पत्रावरचं तिकीट... अशा चिमुकल्या ठेव्यांचे फोटो काढून डिजिटल चिकटवही करायला हौस आणि एक फोन पुरतो. पण खूपदा पान सजतं नि वस्तू मात्र स्टिकरसारखी सपाट दिसते. असं का होतं? कारण वस्तूची सावली वाटेत कुठेतरी हरवलेली असते. पोत म्हणजे तरी काय? बारीक बारीक सावल्याच! त्या सावल्यांच्या मागावरच्या या काही गमतीजमती.

१. चोर पकडणारा फोटो

संग्रहातल्या वस्तूंचे फोटो काढायची हौस फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटनं १८४४मध्ये 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागानं काढायला सुरुवात केली. त्यात फडताळावर मांडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचा फोटो आहे. ही भांडी चोरीला गेली, तर हा फोटो कोर्टात मुका साक्षीदार ठरेल, असं टॅलबटनं तेव्हाच सुचवून ठेवलं होतं. आणखी गंमत म्हणजे या पुस्तकातले फोटो छापलेले नव्हते. प्रत्येक प्रतीत खरे फोटो हातानं चिकटवले होते. म्हणजे तीही एक चिकटवहीच की!

२. मार्क ट्वेनची गोंदवाली वही

'टॉम सॉयर'चा लेखक मार्क ट्वेन कात्रणांचा शौकीन होता. खळ आणि गोंदाच्या चिकचिकाटाला कंटाळून त्यानं पानांवर आधीच गोंद लावलेली वही शोधून काढली. पान ओलं करा, कात्रण ठेवा, काम झालं! १८७३मध्ये त्याला तिचं पेटंटही मिळालं.

३. पांढऱ्यावर पांढरं तिकीट

१ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये 'सिंद डाक' निघालं. चिकटवायचं टपाल तिकीट आशियात पहिल्यांदा आलं ते हे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. हे तिकीट काढणारे बार्टल फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. अर्ध्या आण्याच्या या तिकिटाचा एक प्रकार फार देखणा आहे. पांढऱ्या कागदावर शाईचा टिपूसही नाही, नक्षी फक्त दाबून उठवलेली. समोरून उजेड टाकला तर कोरा कागद दिसेल. दिवा कागदाच्या पातळीपर्यंत खाली आणला, की उजेड तिरपा सरपटत येतो आणि प्रत्येक उठावाची सावली पडून नक्षी वर येते. चित्रांवरचे रंगाचे थर आणि भेगा तपासायला संग्रहालयांतले जाणकार हीच युक्ती वापरतात. घरी विजेरी किंवा खिडकीतली सकाळची उन्हं पुरे. फक्त फोनचा फ्लॅश बंद ठेवा. तो समोरूनच येतो आणि सगळ्या सावल्या पुसून टाकतो.

४. डोळ्यांना उजेड वरूनच हवा

चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरून पाहा. खड्ड्यांच्या टेकड्या होतात! उजेड वरून येतो हे आपल्या मेंदूनं गृहीतच धरलेलं असतं. नाण्याचंही तसंच. उजेड खालच्या बाजूनं आला, तर उठावाची अक्षरं कोरल्यासारखी आत गेलेली दिसू शकतात. म्हणून फोटो काढताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून घ्यायची सवय लावा आणि पानावरच्या सगळ्या वस्तूंना तोच कोपरा ठेवा. बटणाची सावली उजवीकडे आणि तिकिटाची डावीकडे पडली, तर पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं जरूर.

५. एका मिलिमीटरचा खेळ

मॅक्रो लेन्सनं वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवली, तर फुलफ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. बटणाचा काठ लखलखीत, तर मधली भोकं धूसर! यावर उपाय म्हणजे कॅमेरा न हलवता फोकस थोडाथोडा पुढे सरकवत अनेक फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे स्पष्ट भाग जुळवायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. नाणं, तिकीट असल्या चपट्या वस्तूंसाठी मात्र कॅमेरा बरोबर वरून, समांतर धरला की भागतं.

६. शिवराईला चिंच लावू नका

शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असतात. झिजलेल्या नाण्यावर ती वाचणं कठीण, म्हणून हात चिंच-मिठाकडे वळतो. थांबा! वर्षानुवर्षांत चढलेला काळपट थर हाच नाण्याचा पोत. तो गेला की संग्राहकांच्या लेखी नाण्याचं मोलही घटतं. अक्षरं वाचायची तर तिरपा उजेड टाका. नाणं चकचकीत असेल, तर दिवा आणि नाण्यामध्ये बटर पेपर धरा. भगभगीत ठिपके विरतात आणि धातूची मऊ झळाळी उरते.

७. स्कॅनरची आवडनिवड

बसचं तिकीट, काडेपेटीचं लेबल, वाळलेलं पान असल्या चपट्या गोष्टी स्कॅनर झकास टिपतो. पण घरगुती पातळ स्कॅनरमध्ये बहुधा काचेला चिकटून असलेलंच स्पष्ट येतं. अर्धा सेंटिमीटर उंचीची वस्तू ठेवली की वरचा भाग धुक्यात! जाड वस्तूला कॅमेराच बरा.

८. पैशाला पिक्सेल फक्त २५०

बारा इंची चौकोनी पान ३०० डीपीआयला ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं होतं. त्यावर २१ मिलिमीटरचा भोकाचा पैसा खऱ्या आकारात ठेवला, तर त्याच्या वाट्याला येतात आडवे-उभे सुमारे २५० पिक्सेल! म्हणजे महागड्या कॅमेऱ्यावाचून काही अडत नाही. पण फोटो एवढा लहान करताना बारकावे मऊ पडतात, म्हणून आकार ठरल्यावर शेवटी हलकंसं शार्पन करा.

९. गुणाकाराची जादू

'मल्टिप्लाय' हा ब्लेंड मोड नावाप्रमाणे चक्क गुणाकार करतो. वरच्या आणि खालच्या लेअरच्या पिक्सेलचे आकडे गुणायचे आणि २५५नं भागायचं. पांढरा म्हणजे २५५, त्यामुळे वरचा पांढरा भाग नाहीसाच होतो. १२८चे दोन राखाडी एकमेकांवर आले की उत्तर साधारण ६४, म्हणजे गडद. म्हणून चुरगळलेल्या कागदाचा तिरप्या उजेडातला फोटो कृष्णधवल करून पानावर मल्टिप्लायमध्ये ठेवला, की त्याच्या घड्या पानावर उतरतात. सावलीसाठीही हाच मोड. 'ओव्हरले'मध्ये मधला राखाडी काहीच करत नाही. त्याहून उजळ भाग पान उजळवतो, गडद भाग ते गडद करतो.

१०. सिनेमातून आलेला खडबडीतपणा

१९८२च्या 'ट्रॉन' सिनेमावर काम करताना केन पर्लिन यांना संगणकाची चित्रं फार यांत्रिक, गुळगुळीत वाटली. त्यातून त्यांनी गणिती 'नॉइज' शोधला. त्यानं संगमरवर, ढग, लाकूड यांचे पोत तयार करता येऊ लागले. १९९७मध्ये त्यासाठी त्यांना अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आपल्या पानालाही हा धडा लागू आहे. अगदी गुळगुळीत सावली खोटी वाटते. तिच्यात चिमूटभर नॉइज मिसळा.

११. भोकातली चंद्रकोर

आता पुन्हा भोकाच्या पैशाकडे. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवण्यासाठी १९४३पासून हे नाणं निघालं. डिजिटल पानावर ते ठेवताना पहिली चूक हमखास होते. बाहेरची कड नीट कापली जाते, पण भोकात टेबलाचा तुकडा तसाच राहतो. तोही कापा आणि पारदर्शकता टिकवणाऱ्या पीएनजीमध्ये जतन करा, जेपीईजीमध्ये ती टिकत नाही. मग सावली. उजेड वरून डावीकडून असेल, तर नाण्याबाहेरची सावली खाली उजवीकडे पडते. भोकात मात्र ती उलट, वरच्या डाव्या कडेला चिकटलेली, नखाएवढी चंद्रकोर! ती काढली, की तरंगणारा पैसा टपकन पानावर टेकतो.

आमच्या घरच्या पैशाची ती चंद्रकोर मी काढत होते, तेव्हा ती गोल बसेचना. फोटो मोठा करून पाहिला. भोकाची एक कड घासून किंचित लांबट झाली होती. आजी तो पैसा किल्ल्यांच्या जुडग्यात ओवून कमरेला खोचायची. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिरप्या उजेडानं ते दाखवलं. मी चंद्रकोर तशीच वाकडी ठेवली.