मोटारींतील मुलाचें आसन

सकाळच्या प्रहरीं मारुंजीहून हिंजवडीच्या लक्ष्मी चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें, तर मोटारींच्या रांगेंत एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. पुढच्या बैठकीवर आई, तिच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचें मूल. आईनें पट्टा बांधलेला असतो. मूल मात्र नुसतें तिच्या मिठींत असतें. ही मिठी प्रेमाची आहे यांत शंका नाहीं. परंतु ती कितपत बळकट आहे, याचा हिशेब वरच्या वर्गांतील कोणताही विद्यार्थी करूं शकेल.

मोटार ताशीं ५० किलोमीटर वेगानें चालली आहे, म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर. ती कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबली असें धरूं. तेवढ्या अवधींत १० किलो वजनाच्या मुलास आवरून धरण्यास जें बळ लागतें, तें सुमारें १४० किलोंचा बोजा उचलण्याइतकें आहे. हें कोणत्या माउलीच्या हातांस साधेल? शिवाय हा वेग द्रुतगति मार्गावरचा नव्हे, तर गांवांतल्या रस्त्यावरचा आहे. म्हणून "जवळच तर जायचें आहे" या म्हणण्यास फारसा अर्थ उरत नाहीं.

यावर उपाय म्हणजे मुलासाठीं निराळें आसन. बाजारांत त्यास 'कारसीट' म्हणतात. लहान मुलास त्यांत मागें तोंड करून बसवावें, ही कल्पना स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमन यांची. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळीं पाठीवर रेलून असतात व सारा दाब त्यांच्या पाठभर वांटला जातो, हें पाहून त्यांनीं १९६४ च्या सुमारास असें आसन तयार केलें. कारण उघड आहे. तान्ह्या मुलाचें डोकें त्याच्या एकूण लांबीच्या चौथाईइतकें असतें, आणि मानेचीं हाडें अद्याप कोंवळीं असतात. पुढें तोंड असल्यास धक्क्याबरोबर धड पट्ट्यांत अडकतें आणि जड डोकें पुढें फेंकलें जातें. मागें तोंड असल्यास आसनाची पाठ डोकें, मान व पाठ यांस एकदम झेलून धरते.

संयुक्त राष्ट्रांच्या 'आर १२९' या नियमाप्रमाणें १५ महिन्यांच्या आंत मुलाचें तोंड पुढें करतां येत नाहीं. परंतु ही किमान मर्यादा झाली. आसनावर लिहिलेलें वजन वा उंची भरेपर्यंत मूल मागें तोंड करूनच बसवावें हें उत्तम. पाय दुमडले तरी त्यांत भय नाहीं. आपल्या मुलास वरच्या इयत्तेंत लवकर चढविण्याची आईबापांस हौस असते. या एका शाळेंत मात्र होईल तितके दिवस खालच्या वर्गांत राहणेंच हुशारीचें आहे! त्यापुढची इयत्ता पुढें तोंड करून, खांदे, कंबर व मांड्यांमध्यें मिळून पांच जागीं धरणाऱ्या पट्ट्यांची. आणि शेवटची उंच बैठकीची, म्हणजे 'बूस्टर'ची. मोटारीचा पट्टा पोटावर न येतां कंबरेच्या हाडांवर, आणि मानेवर न येतां खांद्याच्या मध्यावर बसेपर्यंत ही बैठक ठेवावी. त्यास साधारण १५० सेंटिमीटर उंची लागते. पांचवी-सहावींतील कित्येक वाचक यांत मोडतील. त्यांनीं रागावूं नये.

दुकानांत जातांना मूल आणि मोटार दोन्हीं बरोबर न्यावीं. वय सांगून आसन घेऊं नये. वजन व उंची मोजून घ्यावें. तें आपल्या गाडींत बसवून हलवून पाहावें. बांधल्या जागीं बोटभराहून अधिक सरकलें तर तें त्या गाडीचें नव्हे. गाडींत 'आयसोफिक्स' नांवाच्या कड्या असल्यास काम सोपें होतें. वर्तुळांतील 'ई' ही खूण पाहावी. गादीच्या मऊपणावर जाऊं नये. नात्यांतलें जुनें आसन घेण्यास हरकत नाहीं, पण तें अपघातांत सांपडलेलें नसावें व त्याची मुदत संपलेली नसावी. आणि पुढच्या बैठकीसमोर हवेची पिशवी चालू असतां तेथें मागें तोंड केलेलें आसन कदापि ठेवूं नये. ती फुगली कीं थेट आसनाच्या पाठीवर आदळते.

आमच्या शेजारच्या चाकण येथें बनणाऱ्या 'टायगुन' व 'कुशाक' या गाड्यांस ऑक्टोबर २०२२ मध्यें 'ग्लोबल एनकॅप'च्या कसोटींत मुलांच्या संरक्षणाबद्दल पांच तारे मिळाले. त्या कसोटींत दीड व तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे योग्य आसनांत बांधलेले होते. तारे मिळाले ते त्या व्यवस्थेस. मांडीवरील मुलास ते लागू नाहींत. कायद्याचेंही सांगणें तेंच आहे: २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १९४-ब प्रमाणें १४ वर्षांखालील मूल पट्ट्यानें वा आसनानें बांधलेलें नसल्यास १,००० रुपये दंड आहे.

आमच्या घरीं असें आसन प्रथम आलें, तेव्हां आजीबाई रागावल्या. "लेकराला बांधून काय घालतां!" असें त्या म्हणाल्या, आणि नातीनेंही चार दिवस आकांत करून त्यांचीच बाजू घेतली. मग आजीबाई स्वतः तिच्या शेजारीं मागें बसूं लागल्या आणि गोष्टी सांगूं लागल्या. आतां थंडींत जाड स्वेटर काढून, पट्टे अंगासरसे ओढून, मग वरून शाल पांघरण्याचें काम त्यांच्याकडेच आहे. आणि वैशाखांत उन्हांत उभ्या गाडीचें बक्कल तापलें आहे कीं काय, हें नातीस बसविण्यापूर्वीं त्याच हात लावून पाहतात.