न घडलेल्या गोष्टीचा खर्च

कझाकस्तानच्या पूर्व टोकाला उस्त-कामेनोगोर्स्क नावाचे कारखान्यांचे शहर आहे. १९९४ साली तिथल्या उल्बा धातुकारखान्याच्या गोदामात सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम पडून होते. वीसेक अणुबॉम्ब सहज व्हावेत इतके, आणि दाराला साधे कुलूप. सोव्हिएत नौदलाच्या ‘आल्फा’ पाणबुड्यांच्या इंधनासाठी तो माल आला होता. पुढे पाणबुड्या मोडीत निघाल्या, देशही मोडला, माल तेवढा राहिला. नव्या कझाक सरकारला त्याचा उपयोग नव्हता आणि त्याची राखण परवडत नव्हती. अल्माटीतल्या अमेरिकी वकिलातीत अँडी वेबर नावाचा तरुण अधिकारी होता. त्याच्या हाती एक चिठ्ठी आली. तीत धातूचे नाव, ९० टक्के हा आकडा आणि वजन एवढेच होते.

पुढच्या मोहिमेचे नाव ‘प्रोजेक्ट सफायर’. ऑक्टोबरात ३१ जणांचे पथक तिथे उतरले, रोज बारा-बारा तास खपून त्यांनी माल पिंपांत भरला, नोव्हेंबरात बर्फाळ रस्त्यांवरून विमानतळावर नेला आणि सी-५ या अजस्र विमानांतून अमेरिकेला, टेनेसीतल्या ओक रिजकडे धाडला. २३ नोव्हेंबरला वॉशिंग्टनने ते जाहीर केले. कझाकस्तानला मोबदला मिळाला, काही रोख, काही वस्तुरूपात. कथा सिनेमाला शोभणारी आहे, पण मला त्यात खरा रस आहे तो पैसा कुठून आला यात.

१९९१च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोतला उठाव फसला. त्यानंतर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर सॅम नन गोर्बाचेव्हना भेटले आणि परतले ते एकच काळजी घेऊन: हजारो अण्वस्त्रे बाळगणारा देश फुटला तर किल्ल्या कोणाकडे? प्रतिनिधीगृहातल्या लेस ॲस्पिन यांच्यासोबत त्यांनी एक अब्ज डॉलरच्या मदतीचा प्रस्ताव मांडला. तो बारगळला. मंदीचे दिवस होते, पेनसिल्व्हेनियातली पोटनिवडणूक घरच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या उमेदवाराने नुकतीच जिंकली होती. कालपर्यंतच्या शत्रूला पैसे देणार, हे मतदारसंघात कुठल्या तोंडाने सांगायचे? नन यांनी मग इंडियानाच्या रिपब्लिकन रिचर्ड लुगार यांना जोडीला घेतले. हार्वर्डच्या ॲश्टन कार्टर यांचा अभ्यास सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनेटने ८६ विरुद्ध ८ मतांनी मान्यता दिली. १२ डिसेंबरला अध्यक्ष बुश यांची सही झाली, आणि दोन आठवड्यांत क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला.

या कायद्याची खरी करामत त्याच्या हिशेबात आहे. नवा पैसा मागितलाच नाही. पेंटागॉनने आपल्याच मंजूर रकमांतून ४० कोटी डॉलरपर्यंत वळवावेत, एवढीच मुभा दिली. त्या वेळी अमेरिकेचा संरक्षणखर्च वर्षाला ३०० अब्ज डॉलरच्या आसपास होता. शिवाय शक्यतो अमेरिकी माल आणि अमेरिकी तंत्रज्ञ वापरावेत असे कलम घातले. मते मिळाली ती बरीचशी या कलमामुळे, असे माझे मत. पण दोन्ही युक्त्या पुढे नडल्या. स्वतःच्या जहाज-विमानांचा पैसा कापून रशियाला द्यायचा, म्हणून पेंटागॉनची खाती चालढकल करत राहिली आणि काही मुभा न वापरताच संपून गेली. मदतीच्या नावाखाली पैसा अमेरिकी कंत्राटदारांच्याच खिशात जातो, अशी कुरकूर रशियन अधिकारी करू लागले. ती अगदीच निराधार नव्हती.

सुरुवातीची खरेदी अगदी किरकोळ वाटावी अशी: अण्वस्त्रांवर पांघरायची चिलखती आच्छादने, मालगाडीचे डबे सुरक्षित करण्याचे साहित्य, साठवणीची भांडी. तरी दोन दशकांत या निधीतून ७,६००हून अधिक अण्वस्त्रे निकामी झाली. कझाकस्तानातली १,४००वर अण्वस्त्रे १९९५पर्यंत रशियात परत गेली, युक्रेन आणि बेलारूस १९९६मध्ये रिकामे झाले. त्या जूनमध्ये युक्रेनमधल्या पेर्वोमाइस्कच्या क्षेपणास्त्र तळावर अमेरिका, रशिया आणि युक्रेनच्या संरक्षणमंत्र्यांनी सूर्यफुले लावली. युक्रेनच्या सीमा पाळण्याचा बुडापेस्टमध्ये १९९४ साली दिलेला शब्द रशियाने २०१४ साली आणि पुन्हा २०२२ साली मोडला, तेव्हा ती सूर्यफुले आज तिकडे कोणाला गोड वाटणार? निधीने शस्त्रे मोडण्याचे काम चोख केले. सीमा राखण्याची जबाबदारी त्याच्याकडे नव्हती. हा भेद लेखापरीक्षकाला पटेल, खार्किवच्या रहिवाशाला पटावा अशी अपेक्षा मात्र करता येत नाही.

मला सर्वांत बोलकी वाटते ती देगेलेन डोंगराची हकिकत. कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कच्या मैदानावर सोव्हिएतांनी १९४९ ते १९८९ या काळात ४५६ अणुचाचण्या केल्या. देगेलेनच्या बोगद्यांत काही प्रयोग असे झाले की प्लुटोनियम पुरते न जळता तिथेच उरले. सैन्य गेले, पगार बंद झाले, आणि आसपासचे लोक बोगदे फोडून आत शिरू लागले. त्यांना हवी होती तांब्याची केबल. शेतातल्या मोटारीची तार रातोरात चोरीला गेलेली ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावायला नको. फरक इतकाच की इथे तारेच्या शेजारी बॉम्बचा माल होता. अमेरिकेच्या लॉस अलामॉस अणुप्रयोगशाळेचे माजी संचालक सिगफ्रिड हेकर १९९८ साली तिथे गेले तेव्हा यंत्रांनी खणलेले लांबच लांब चर त्यांना दिसले. त्या चरांची छायाचित्रे त्यांनी रशियन शास्त्रज्ञांपुढे ठेवली. मग ठरले ते असे: कुठे काय पुरले आहे हे रशियाने सांगायचे, पैसा अमेरिकेचा, मजुरी कझाकांची. बोगद्यांत काँक्रीट ओतले गेले. १७ वर्षे, १५ कोटी डॉलर, आणि बहुतांश काळ जगाला याचा पत्ताही नव्हता. ज्या संसदेने पैसा दिला तिच्या बहुतेक सदस्यांनाही नसावा.

गुणगान पुरे. क्रास्नोयार्स्कला जुन्या क्षेपणास्त्रांचे ‘हेप्टिल’ हे विषारी इंधन नष्ट करण्यासाठी सुमारे १० कोटी डॉलरचा प्रकल्प उभा राहिला. तो तयार झाल्यावर, २००२मध्ये कळले की ते इंधन रशियाने आपल्या अंतराळ प्रक्षेपणांत केव्हाच वापरून टाकले आहे. हमी लेखी करारात बांधून न घेता सद्भावनेवर ठेवली होती. अशा चुकांवर विरोधकांनी झोड उठवली, ते योग्यच होते. पुढे २०१२ साली रशियाने या मदत-योजनेतून अंग काढून घेतले.

तोवर धोक्याची जागाही बदलली होती. ऑक्टोबर २००३मध्ये लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीत वळवले गेले. मलेशियात बनलेले, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे भाग त्यात सापडले आणि पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचे दुकान उघडे पडले. पुढच्याच वर्षी सुरक्षा परिषदेच्या १५४० क्रमांकाच्या ठरावाने प्रत्येक देशाला निर्यात-नियंत्रणाचे कायदे करायला लावले. भारताचा कायदा २००५चा. पण कायदा राबवायचा तो शेवटी गोदीत. २३ जानेवारी २०२४ला न्हावाशेवा बंदरात चीनहून कराचीकडे निघालेल्या जहाजातून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी इटलीत बनलेले सीएनसी यंत्र उतरवून घेतले. डीआरडीओच्या तज्ज्ञांनी ते तपासले. क्षेपणास्त्र-निर्मितीत त्याचा उपयोग होऊ शकतो असा भारताचा दावा. हे तर व्यापारी लेथ, असे पाकिस्तानचे म्हणणे. अशा यंत्रांची पंचाईत हीच की तीच यंत्रे मोटारीचे सुटे भागही करतात. कागदावरचा पाठवणारा आणि खरा पाठवणारा वेगळा आहे हे ओळखायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि त्याचा पगार कुठल्या तरी अंदाजपत्रकात बसवावा लागतो.

उत्तर कोरियावरच्या निर्बंधांसाठी अशी माणसे संयुक्त राष्ट्रांनी २००९पासून ठेवली होती. तज्ज्ञांचे ते छोटे मंडळ समुद्रात जहाजातून जहाजात होणारी तेलाची हस्तांतरे आणि कोळशाचे खोटे कागद शोधून अहवाल देत असे. २८ मार्च २०२४ला रशियाने नकाराधिकार वापरला, चीन तटस्थ राहिला, आणि ३० एप्रिलला मंडळाची मुदत संपली. त्याच ऑक्टोबरात ११ देशांनी संयुक्त राष्ट्रांबाहेर स्वतःचे पथक स्थापन केले. २०२५मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या अहवालाचा विषय होता रशिया आणि उत्तर कोरिया यांचे लष्करी सहकार्य.