दोष लपवू नका, उघडा करा

धम्मात पापाची क्षमा देणारा कोणी नाही. भगवान बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. मग हातून वाईट कृत्य घडले तर त्याची कबुली कोणाला आणि कशासाठी द्यायची, असा प्रश्न आपले तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. नवस, प्रायश्चित्त, तीर्थस्नान हे आपण १९५६ साली मागे टाकले. त्यांच्या जागी धम्माने काय दिले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

राहुलला उपदेश करताना भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी ठेवून त्याला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच, असे सांगितले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले. पुढे शिकवण दिली, ती अशी: कायेने किंवा वाणीने वाईट कृत्य घडले, तर ते गुरूला किंवा समजदार सोबत्याला सांगावे आणि पुढे संयम पाळावा. म्हणजे कबुली आकाशाकडे पाहून द्यायची नाही, माणसासमोर द्यायची. खरे धैर्य तिथेच लागते.

भिक्खू संघात याची रीतच आहे. दर पंधरवड्याच्या उपोसथाला पातिमोक्खाचे नियम म्हटले जातात. ज्याच्या हातून दोष घडला, त्याने तो लपवायचा नसतो. वर्षावास संपताना पवारणा होते. त्या वेळी प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, माझा दोष दिसला, ऐकला किंवा संशय आला तर सांगा, अशी विनंती इतरांना करतो. आणखी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भिक्खूने पैसा स्वीकारला, तर आधी तो संघापुढे सोडून द्यावा लागतो, त्यानंतर कबुली. नुसत्या शब्दांवर सुटका नाही.

कबुलीने केलेले कर्म पुसले जाते काय? नाही. बापाला, राजा बिंबिसाराला, ठार करणारा अजातशत्रू राजगृहाजवळ जीवकाच्या आम्रवनात भगवंतांपुढे आला आणि त्याने आपला अपराध स्वतःच्या तोंडाने सांगितला. अपराध अपराध म्हणून ओळखणे आणि पुढे संयम ठेवणे यातच वाढ आहे, असे भगवंत त्याला म्हणाले. पण तो गेल्यावर त्यांनी भिक्खूंना सांगितले, की या राजाने पित्याचा वध केला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभला असता. कबुलीने पुढची वाट मोकळी झाली, पण मागचा हिशेब उरलाच.

आता आपल्या घरांकडे वळू. बुद्धवंदनेत आपण पंचशील मोठ्याने म्हणतो. पण पगारातले पैसे गुत्त्यावर गेले, हे बायकोला सांगत नाही. भिशीची रक्कम घरखर्चात वापरली, हे सभासदांना सांगत नाही. अशा वेळी विहारात मेणबत्ती लावून मन हलके करणे ही पळवाट आहे. ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर बसावे, काय केले ते सरळ सांगावे, सबबी सांगू नयेत. पैसे असतील ते द्यावेत, उरलेल्यांची तारीख ठरवावी.

ऐकणाऱ्यावरही जबाबदारी आहे. पोराने फी खर्च केल्याचे खरे सांगितले आणि बापाने पट्टा काढला, तर ते पोर पुन्हा खरे बोलणार नाही. रक्कम भरून काढण्याचे काम त्याला जरूर द्यावे, पण खरे बोलल्याबद्दल मार देऊ नये. ज्या घरात दोष सांगायला जागा आहे, त्याच घरात शील टिकते.