वैमानिकाच्या अंगावर सुती बनियन का?

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची हेलिकॉप्टरे कोसळून पेटत आणि कित्येक वैमानिक भाजून मरत. म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना नोमेक्स कापडाचा गणवेश मिळाला. हे कापड आगीत वितळत नाही. पण आतला बनियन नायलॉनचा असेल तर तो धगीने वितळून कातडीला चिकटतो. म्हणून आत सुती कपडे, बाह्या मनगटापर्यंत, हातमोजे, चामड्याचे बूट. चाकू, शिटी, आरसा अंगावरच्या जाकिटात; पळताना पिशवी मागेच राहते.

भगिनींनो, आपल्या घरीही स्टोव्ह असतो, गॅस असतो. सुती कापडही पेटते, पण वितळून चिकटत नाही. तेव्हा चुलीपुढे नायलॉनची साडी नको. सुतीच नेसा आणि पदर घट्ट खोचा.