अर्भकाची ओढ : अन्न की स्पर्श?

अर्भकाला आईविषयी वाटणारी ओढ कशातून निर्माण होते, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळजवळ निश्चित मानले गेले होते. भूक ही मूळ प्रेरणा. दूध तिचे शमन करते. आणि या शमनाशी आईचा पुनःपुन्हा संबंध आल्यामुळे ती हवीशी होते. क्लार्क हल यांचे अनुयायी आणि फ्रॉइडचे अनुयायी एरव्ही क्वचितच एकमताने बोलत; परंतु अन्न आधी व प्रेम मागाहून, हा क्रम उभयतांना मान्य होता. त्याची झळ प्रत्यक्ष मुलांनाही पोचली. मुलांना मांडीवर घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, असा उपदेश जॉन वॉटसन यांनी १९२८ साली संगोपनावरील आपल्या ग्रंथात केला होता.

या क्रमाविषयी शंका उत्पन्न झाली ती एका व्यावहारिक अडचणीतून. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो हे ऱ्हीसस माकडांच्या अध्ययनक्षमतेचा अभ्यास करीत. भारतातून आणलेली माकडे पुष्कळदा रोगट निघत. म्हणून प्रयोगशाळेतच पैदास सुरू झाली आणि पिले जन्मल्यावर सहा ते बारा तासांत आईपासून काढून बाटलीच्या दुधावर वाढविण्यात येऊ लागली. ती वजनाने चांगली भरली. मात्र पिंजऱ्याच्या तळाशी घातलेल्या कापडाच्या घड्यांना ती घट्ट बिलगत, आणि सफाईसाठी घडी उचलली की आकांत मांडीत. त्या घडीपासून दूध तर मिळत नव्हते.

१९५८ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात हार्लो यांनी या निरीक्षणावर रचलेला प्रयोग मांडला. प्रत्येक पिलाला दोन कृत्रिम माता दिल्या होत्या : एक उघड्या तारेची, दुसरी लाकडी ठोकळ्यावर स्पंजरबर व टर्किश टॉवेलचे कापड चढविलेली. आठांपैकी चार पिलांना दूध तारेच्या मातेकडून मिळे, चारांना कापडाच्या. दोन्ही गटांचे दूध पिणे व वजनातील वाढ सारखीच राहिली. पण सहवास सर्वांनी निवडला तो कापडाच्या मातेचा. सिद्धांताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. ओढ ही जर दुधातून शिकली जात असती, तर तारेच्या मातेकडे दूध पिणाऱ्या पिलांची तिच्याविषयीची ओढ दिवसेंदिवस वाढावयास हवी होती. ती घटत गेली.

ढोल वाजविणारे यांत्रिक अस्वल समोर येताच भेदरलेले पिलू कापडाच्या मातेकडे धावे, अंग घाशी, आणि काही वेळाने तिथूनच अस्वलाकडे टकमक पाहू लागे. एखादे तर त्याच्या दिशेने पावलेही टाकी. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी निराश्रित मुलांवर अहवाल लिहिला होता. आईच्या वियोगाने मुलाचे नेमके काय हरपते, या त्यातील प्रश्नावर या प्रयोगांनी प्रकाश टाकला.

पाठ्यपुस्तकांतील वृत्तान्त बहुधा येथे संपतो, आणि म्हणूनच तो फसवा होतो. कापडाच्या मातेजवळ एकेकटी वाढलेली माकडे मोठेपणी अंग झुलवीत बसत, स्वतःला चावत. त्यांना समागम जमेना. पुढे आई झालेल्या माद्यांपैकी अनेकींनी पहिल्या पिलाची उपेक्षा केली किंवा त्याला जखमी केले. उलट, ज्यांना रोज थोडा वेळ समवयस्कांबरोबर खेळू दिले ती बव्हंशी सुरळीत वाढली. कापडाने भीती शमत होती. पण कापड उलटून कवटाळीत नव्हते, चिडत नव्हते, खेळत नव्हते.

त्यानंतर जन्मापासून संपूर्ण एकांतात ठेवण्याचे जे प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाले, त्यांतील यातनांचे समर्थन मिळालेल्या ज्ञानाने होते असे म्हणणे कठीण आहे. सहा महिने एकांतात काढलेली माकडे कोपऱ्यात स्वतःलाच मिठी मारून बसत. १९७२ साली स्टीफन सुओमी व हार्लो यांनी अशा माकडांजवळ त्यांच्याहून तीन महिन्यांनी लहान, सामान्य रीतीने वाढलेली पिले सोडली. समवयस्क माकड त्यांच्यावर हल्ला करी. ही पिले इतकी लहान होती की ती फक्त जाऊन बिलगली. काही आठवड्यांनी एकांतात वाढलेली माकडेही त्यांना बिलगू लागली, आणि मग खेळू लागली.