घायपाताचा एकुलता बहर

आमच्या माण तालुक्यात बांधाबांधावर घायपात आहे. गुरं पिकात शिरू नयेत म्हणून कुणाच्या तरी आज्या-पणज्यानं लावलेलं कुंपण, एवढीच त्याची ओळख, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग एखाद्या वर्षी त्यातल्याच एका झाडाच्या मधोमध सरळसोट दांडा उभा राहतो. तो दोन-तीन पुरुष उंच होतो, वरच्या फांद्यांवर पिवळट-हिरव्या फुलांचे झुबके येतात आणि शिंजीर, मैना, मधमाश्या यांची सकाळपासून तिथे झुंबड उडते. रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. दहिवडीच्या रस्त्यावर माझी नर्सरी आहे. त्यातले काही जण तिथे येऊन विचारतात, ‘‘ताई, आमच्या कुंडीतल्या अगेव्हला असं फूल आणायचं तर काय घालायचं?’’

हल्ली शहरात याच घायपाताची भावंडं ‘अगेव्ह’ म्हणून शोभेसाठी मिळतात. फूल येण्यासाठी त्यांना काय घालायचं, हे विचारण्याआधी फूल येतं कसं ते समजून घ्यावं लागतं.

घायपात आयुष्यात एकदाच फुलतं आणि फुललं की ते झाड मरतं. वर्षानुवर्षं ते दुसरं काहीच करत नाही, फक्त साठवतं. रात्री गारव्यात पानांची रंध्रं उघडून हवा आत घ्यायची आणि दिवसा उन्हात ती बंद ठेवून अन्न तयार करायचं, अशी त्याची रीत. म्हणून पाण्याची वाफ होऊन जात नाही आणि आमच्यासारख्या दुष्काळी मुलखात ते तगतं. तयार झालेली साखर बुंध्यात साठत जाते. साठा पुरेसा झाला आणि झाड वयात आलं की मधला शेंडा, जो आजवर पानंच देत होता, तो फुलाचा दांडा होतो. तो शेंडाच उरत नाही म्हटल्यावर नवीन पान यायला जागा कुठली? दांडा कापून टाकला तर झाड वाचेल, अशी पुष्कळांची समजूत असते. फार तर ते थोडे दिवस जास्त टिकेल, पण वाढणार नाही. म्हणून दांडा दिसला की कोयता हातात घेऊ नका, एवढं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

या साठ्याची किंमत मेक्सिकोच्या शेतकऱ्यांइतकी कुणी ओळखलेली नाही. घायपाताचं मूळ घर तेच. तिथे हालिस्को राज्यात टकीला या दारूसाठी निळ्या अगेव्हची शेतं आहेत. २००६ साली युनेस्कोनं त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथला शेतकरी दांडा डोकावताच तो छाटतो, कारण तो वाढू दिला तर बुंध्यातली साखर त्यात आणि फुलांत खर्ची पडते. त्याला साखर हवी असते, फूल नको असतं. पण त्यामुळे शेतंच्या शेतं फुलाविना राहिली. रात्री या फुलांतला मध पिऊन परागीभवन करणाऱ्या वटवाघळांचं अन्न तुटलं. शिवाय बी धरेना, म्हणून बुंध्याच्या बाजूला फुटणारी पिल्लं लावूनच शेती चालली आणि सगळी झाडं एका वाणाची, एकाच रोगाला बळी पडणारी झाली. रोद्रिगो मेदेयिन या मेक्सिकन शास्त्रज्ञानं वटवाघळांसाठी आयुष्य वेचलं आहे. शेतातली निदान पाच टक्के झाडं फुलू द्या, असा आग्रह त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला आणि काही उत्पादकांनी तो मानला. अशा वटवाघळांची एक जात १९८८ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेली होती. २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर आली. त्यामागे दोन्ही देशांतल्या बऱ्याच माणसांची मेहनत आहे. शेतात फूल राहू देणं हे मला त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात मोठं काम वाटतं.

आता तुमच्या कुंडीकडे येऊ. हे झाड शंभर वर्षांनी फुलतं, असं ऐकून लोक घाबरतात. ते खरं नाही. मोठ्या पानांचं अमेरिकन अगेव्ह साधारण दहा ते तीस वर्षांत फुलतं आणि दोरासाठी लावतात ते सिसल त्याहून लवकर. फरक पडतो तो जागेमुळे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात, काचेच्या घरात ठेवलेलं एक अगेव्ह ऐंशी वर्षांनी, २०१४ मध्ये फुललं. दांडा छताला टेकायला आला तेव्हा वरची काच काढावी लागली. उघड्या रानात, भरपूर उन्हात त्या जातीला इतका वेळ लागत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ऊन. दिवसभराचं, थेट. गॅलरीच्या कोपऱ्यात दोन तासांचा कवडसा पडत असेल तर झाड जगेल, साठवणार नाही. दुसरी गोष्ट मुळांना जागा आणि पाण्याचा निचरा. शक्य असेल तर सरळ जमिनीत लावा, नाहीतर मोठी कुंडी घ्या आणि मातीत निम्मा मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. पावसाळ्यात पाणी साचलं की बुंधा कुजतो आणि मग सगळी वर्षं वाया. बाजूनं येणारी पिल्लं काढून दुसरीकडे लावा, म्हणजे कुंडीतली जागा आणि पाणी आईलाच मिळेल. पावसाच्या तोंडाला थोडं कुजलेलं शेणखत पुरतं. युरियानं पानं लुसलुशीत होतात, फुलाला त्याचा उपयोग नाही. आणि हिरवी पानं ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून छाटू नका, कारण अन्न तयार होतं ते त्यांच्यातच.

हे शेवटचं मी आमच्या बांधावरच शिकले. पूर्वी वाडीतली मातंग समाजाची घरं घायपाताचा वाख काढून कासरे, दावी, वेसणी वळायची. बेंदराला बैलाच्या अंगावर नवा दोर चढायचा तो त्यांच्याच हातचा. पानं कापायची, ठेचायची, पाण्यात कुजवायची, धुऊन वाळवायची आणि मग पीळ द्यायचा. अंगाला खाज सुटायची, वासानं डोकं उठायचं, पण दोर वर्षानुवर्षं टिकायचा. त्यांचा नेम असा की झाडाची खालची पानं घ्यायची, वरची राखायची. अंगाबाहेर कापलेलं घायपात खुरटतं, असं त्यांच्यातले एक आबा सांगायचे. सगळं त्यांच्या नजरेतलं ज्ञान होतं.

अननसाला इथेफॉन नावाचं रसायन देऊन एकाच वेळी फुलवतात. ते ऐकून कुणी अगेव्हवरही फवारा मारतं, कुणी शेंड्याशी पिकलेलं सफरचंद ठेवतं. दोन्ही झाडांची पानं दिसायला सारखी असली तरी अननसाचं कूळ वेगळं, घायपाताचं वेगळं. या उपायानं घायपात फुललेलं मी पाहिलेलं नाही. ‘बहर येण्याचं औषध’ म्हणून बाटली विकायला आले, त्यांना मी नर्सरीच्या दारातूनच परत पाठवलं.

फुलायची वेळ आली हे झाड आधी सांगतं. मधली नवी पानं लहान, अरुंद आणि दाटीनं येऊ लागतात. मग त्यांच्यातून मनगटाएवढा जाड, टोकदार कोंभ वर निघतो. शेजारी बांबू रोवून खडूनं खूण करा. एका रात्रीत चार-पाच बोटं वाढ सहज दिसते. त्याच वेळी खालची पानं मऊ पडून सुरकुततात. झाड आजारी पडलं म्हणून लोक पाणी ओततात, पण साठा वर चाललेला असतो. फुलं खालच्या फांद्यांवर आधी उमलतात, मग वरच्या. कुंडी असेल तर वाऱ्यानं उलटू नये म्हणून तिला आधार द्या.

सिसल असेल तर बियांची वाट पाहू नका, त्याला बी सहसा धरत नाही. फुलं गळाली की दांड्यावरच हजार-दोन हजार इवली रोपं फुटतात. १८९३ मध्ये रिचर्ड हिंडोर्फ या जर्मन माणसानं फ्लोरिडाहून अशी हजार रोपं पूर्व आफ्रिकेत नेली. वाटेत बहुतेक मेली, बासष्ट जगली. आजच्या टांझानियातले सिसलचे मोठे मळे तिथून सुरू झाले. तुमच्या दांड्यावरची रोपं बोटाएवढी झाली की हातमोजे घालून हलवून पाडा, वाफ्यात वीतभर अंतरानं लावा आणि पुढच्या पावसाळ्यात बांधावर न्या. वाळलेला दांडा हलका पण चिवट असतो, गोठ्याच्या छपराला आमच्याकडे अजून वापरतात.