नैराश्यातून मेंदू सावरतो कसा?

नैराश्य म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. त्या काळात मेंदूचं कामकाज बदललेलं असतं. ताण लांबला की अनेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहतं. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसला ते मारक ठरतं. वारंवार नैराश्य आलेल्या रुग्णांत हा भाग सरासरीने थोडा लहान आढळतो. धोका टिपणारा अमिग्डाला हळवा होतो आणि त्याला आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या भागाची पकड सैल पडते. म्हणून विसरायला होतं, साधा निर्णयही जड जातो, वाईट तेवढंच मनात घोळत राहतं. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणणं अन्यायाचं आहे.

दिलासा हा, की मेंदू आयुष्यभर नव्या जोडण्या करू शकतो. उपचार त्याला हातभार लावतात. औषधांचा परिणाम दिसायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही ती सहसा किमान ६ महिने चालू ठेवावी लागतात. आपल्या मनाने थांबवू नयेत. विचारांच्या सवयी बदलणारी मानसोपचार पद्धतही सौम्य आणि मध्यम नैराश्यात तितकीच उपयोगी ठरते. व्यायामाचीही साथ मिळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पुरेशी झोप आणि माणसांचा सहवास हेही उपचाराला बळ देतात.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर क्षणभरही थांबू नका; शासनाची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे.